बारीक होण्याच्या कॅप्सूल आणि डॉक्टरांचे अज्ञान



या सदरात आजवर विंचूदंश, उलट्या-जुलाब, बाळंतिणीचा आहार, फवारणी करताना घ्यायची काळजी अशा विषयांवर लिहीत आलो. डॉक्टरने सांगायचे आणि वाचकांनी ऐकायचे, अशीच ती मांडणी होती. आज तसे नाही. आज मला जे ठाऊक नव्हते, आणि माझ्यासारख्या पुष्कळ डॉक्टरांना, नर्सबाईंना, औषधाच्या दुकानात बसणाऱ्यांना जे अजूनही नीट ठाऊक नाही, त्याबद्दल लिहायचे आहे. एका बाईच्या जिवावर बेतले तेव्हा माझे डोळे उघडले. ती बरी झाली म्हणून लिहिण्याचा धीर होतो आहे. तिला विचारून लिहितो आहे. नाव-गाव मात्र सांगत नाही.

श्रावणातली गोष्ट. पाऊस धरून होता, खाडीकाठचा रस्ता चिखलाने भरला होता. अशात बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांची एक ओळखीची बाई नवऱ्याच्या मागे मोटारसायकलवर बसून दवाखान्यात आली. घरची नारळ-पोफळीची वाडी, थोडी भातशेती. थोरल्या मुलीचे लग्न दिवाळीनंतर ठरलेले. "तोंडाला चव नाय, मळमळतं, अंगात जीव नाय," म्हणाली. खालची पापणी ओढून पाहिली तर डोळे हळदीसारखे. लघवीही गडद होत असल्याचे सांगितले. पावसाळ्यात आमच्याकडे विहिरीचे पाणी बिघडते आणि कावीळ येते, हे मी वर्षानुवर्षे पाहात आलो आहे. त्यामुळे निदान मनात पाच मिनिटांत झाले. तरी पद्धतीप्रमाणे विचारले, "वहिनी, दुसरं कुठलं औषध चालू आहे का?"

"नाय हो डॉक्टर, औषध कसलंच नाय."

मी कागदावर तसे लिहिले. पाणी उकळून प्यायला, विश्रांती घ्यायला सांगितले आणि रक्त तपासायला पाठवले.

दहा दिवसांनी ती परत आली तेव्हा कावीळ वाढलेली होती. अंगाला खाज सुटली होती. तपासणीत पाण्यातून येणाऱ्या काविळीचे विषाणू सापडले नव्हते. मधल्या काळात नवऱ्याने शेजारच्या गावातून काविळीचा पाला आणून तीन दिवस दिला होता. तेवढे मात्र तिने न विचारता सांगितले, कारण तिच्या लेखी ते 'औषध' होते. मी त्या पाल्यावर राग काढला आणि तिला मुंबईला पाठवून दिले.

तिथल्या वॉर्डात माझ्या मुलीच्या वयाची एक डॉक्टर होती. तिने औषधाचे नावच काढले नाही. तिने विचारले, "मावशी, ताकद येण्याची पावडर घेता? पोट साफ होण्याचं चूर्ण? काढा? वजन कमी होण्याचा चहा, कॅप्सूल, असं काही?"

तेव्हा बाईने उशाखालच्या पिशवीतून बाटली काढून दिली. मुलीच्या लग्नात चार लोकांत उठून दिसावे म्हणून नात्यातल्या एका पोरीने मुंबईहून आणून दिलेल्या बारीक होण्याच्या कॅप्सूल. सकाळ-दुपार-संध्याकाळ, जेवणाआधी. जेठापासून चालू. कावीळ झाल्यावरही तिने त्या सोडल्या नव्हत्या, कारण भूक मेली होती, वजन भराभर उतरत होते आणि तिला वाटत होते की गुण येतो आहे! मला खोटे सांगण्याचा तिचा हेतू नव्हता. बाटलीवर झाडाचे पान होते, फळाचे चित्र होते. झाडपाल्याला ती औषध कशाला म्हणेल?

कॅप्सूल बंद केल्या. डोळ्यांचा पिवळेपणा जायला दीड महिना लागला, रक्त पूर्ववत व्हायला आणखी महिना. लग्न ठरल्या दिवशी झाले. ती मांडवात खुर्चीवर बसून होती, पण होती.

ती बाटली नंतर मी मागून घेतली. घरी आणून चष्मा लावून वाचली. दोन मुख्य घटक होते : गार्सिनिया कॅम्बोजिया नावाच्या फळाचा अर्क आणि ग्रीन टीचा, म्हणजे हिरव्या चहाचा, अर्क. चित्रातले फळ लहानशा भोपळ्यासारखे, कडेला पाकळ्या पडलेले. आणि वाचता वाचता लक्षात आले, की हे तर आपल्या रातांब्याचे भावंड!

आपले कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. कॅप्सूलमधले फळ त्याच कुळातले, केरळात होणारे. तिकडे त्याला कुडमपुळी म्हणतात आणि आपण माशाच्या कालवणात आमसूल टाकतो तसे ते लोक त्याची वाळवलेली साल टाकतात. आमच्या किनाऱ्यावर मे महिन्यात घरोघर रातांबे फोडून साली मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, असा उद्योग चालतो. माझ्या आईचे हात महिनाभर लाल असत. त्या सालीतल्या आंबटपणाचे मुख्य कारण असलेले आम्ल म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ साली ओळखले. त्याचे नाव हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल. साखरेपासून चरबी तयार होण्याच्या साखळीतली एक कडी हे आम्ल अडवते, असे पुढे प्रयोगशाळेत आणि उंदरांवर दिसले. झाले! उंदीर बारीक होतो तर माणूस का होणार नाही, असा हिशेब करून बाटल्या निघाल्या.

माणसांवर नीट प्रयोग न्यूयॉर्कमध्ये झाला. १९९८ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात तो छापून आला. १३५ वजनदार माणसे घेतली. निम्म्यांना हे आम्ल रोज १५०० मिलिग्रॅम, निम्म्यांना हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या गोळ्या, आणि सर्वांना कमी खायला सांगितले. बारा आठवड्यांनी आम्ल घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले आणि खोट्या गोळ्या घेणाऱ्यांचे ४.१ किलो. म्हणजे जे काही उतरले ते कमी खाण्याने. हा निकाल छापून पाव शतक उलटून गेले तरी बाटल्या खपत आहेत, आणि मी डॉक्टर असून मला हा निकाल ही बाई आजारी पडेपर्यंत ठाऊक नव्हता.

यकृताचे नुकसान करणाऱ्या औषधांची नोंद ठेवणारे डॉक्टरांचे एक जाळे अमेरिकेत आहे. २००४ ते २०१८ या काळात त्यांनी नोंदलेल्या चौदाशेहून अधिक रुग्णांपैकी २२ जणांच्या यकृताला गार्सिनियाची उत्पादने बाधली, असा त्यांचा निष्कर्ष. त्यातल्या पाच जणांनी एकटा गार्सिनिया घेतला होता, सोळा जणांनी हिरव्या चहाच्या अर्काबरोबर आणि एकाने अश्वगंधाबरोबर. चहाच्या अर्काचा स्वतःचाही दोष आहेच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितले की त्यातले मुख्य द्रव्य पूरक म्हणून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त पोटात गेले तर यकृतावर ताण आल्याच्या खुणा रक्तात दिसू लागतात. आमच्या बाईच्या बाटलीत हीच जोडी होती. या रुग्णांपैकी पुष्कळांच्या अंगात एक विशिष्ट जनुक आढळले. म्हणजे दहा बायका घेतील, नऊ जणींना काही होणार नाही आणि दहावीचे यकृत सुजेल. ती दहावी कोण, हे आधी कोणी सांगू शकत नाही. "माझ्या जावेला काय झालं नाय," या दाखल्याला म्हणून किंमत नाही.

आता कोणी घाबरून सोलकढी ओतून देऊ नये! हे आम्ल आपल्या कोकमातही थोडेथोडके नसते, वाळलेल्या सालीत भरपूर असते, हे खरे. पण चार-पाच आमसुले घरभर माणसांच्या कालवणात पडतात, भाताबरोबर पोटात जातात, आणि रोज तीन वेळा उपाशीपोटी महिनोन् महिने कोणी आमसुले चावत बसत नाही. स्वयंपाकातल्या कोकमाने कोणाचे यकृत बिघडल्याची नोंद माझ्या तरी पाहण्यात नाही. अर्क काढून दाबून भरलेली कॅप्सूल ही निराळी वस्तू आहे. नारळाचे पाणी आणि माडी एकाच झाडाची, म्हणून आपण दोन्ही सारखी धरतो काय?

मग प्रश्न असा, की डॉक्टरला हे का ठाऊक नसावे?

माझ्यापुरते सांगतो. वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्राचा जाडजूड ग्रंथ घोकला. त्यात क्विनाइन आणि अफू ही वनस्पतींपासून मिळणारी द्रव्ये होती, कारण त्यांची गोळी किंवा इंजेक्शन झाले होते. मेथी, गुग्गुळ, गुळवेल, कोकम यांच्याविषयी जे कळले ते आजीकडून. पुढे तीस वर्षांत औषध कंपन्यांचे प्रतिनिधी बॅग घेऊन आले ते त्यांच्या गोळ्यांविषयी सांगायला. आठवडेबाजारात चटईवर कसले चूर्ण विकले जाते ते सांगायला कोण येणार? माझे एक वैद्य मित्र आहेत, चांगले शिकलेले. त्यांना बाटली दाखवली. ते म्हणाले, "गुग्गुळ कसा शोधायचा, कोणाला द्यायचा, किती दिवस, हे मी सांगेन. पण हा जो अर्क आहे तो आमच्याही ग्रंथात नाही." औषधाच्या दुकानदाराला विचारले. तो म्हणाला, "डॉक्टर, हे अन्नात मोडतं, औषधात नाही. चिठ्ठी लागत नाही." आमच्या भागातल्या आशाताईंना विचारले. त्या हसल्या. त्यांच्यापैकी दोघी तीच पावडर दुधातून घेत होत्या!

कोणी एक दोषी नाही, हे मला इथे खरे अवघड वाटते. ॲलोपॅथीवाला म्हणतो हे आयुर्वेदाचे, वैद्य म्हणतो हे आमचे नव्हे, दुकानदार म्हणतो हे अन्न, आणि घेणारी म्हणते हा तर झाडपाला. मधल्या मध्ये ती वस्तू कोणाच्याच प्रश्नात येत नाही.

आणि डॉक्टरांचे अज्ञान किती महाग पडते याचे एक उदाहरण सांगतो. आपल्याकडचे नाही, बेल्जियम देशातले, ब्रुसेल्स शहरातले. तिथे वजन उतरवण्याचा एक दवाखाना होता. चटईवरचा विक्रेता नव्हे, डॉक्टरच कॅप्सूल लिहून देत. पंधरा वर्षे काही वावगे झाले नाही. १९९० साली त्या मिश्रणात दोन चिनी वनस्पती नव्याने घातल्या. १९९२ साली दोन तरुण बायका मूत्रपिंडे निकामी होऊन इस्पितळात आल्या. दोघी त्याच दवाखान्यात जाणाऱ्या. मूत्रपिंडतज्ज्ञ व्हानहेरवेघेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग त्या दवाखान्याच्या इतर बायका शोधायला सुरुवात केली, आणि आकडा वाढत वाढत शंभरावर गेला. कित्येकींना डायलिसिसवर जावे लागले किंवा दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवावे लागले.

झाले होते काय? चिनी भाषेत दोन निरनिराळ्या मुळांची नावे जवळजवळ सारखी आहेत. मागवले होते एक, पोत्यात आले दुसरे. त्या दुसऱ्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल होते. ते मूत्रपिंड जाळते आणि वर कर्करोगही घडवते. त्या रुग्णांपैकी ३९ जणांनी पुढे धोका नको म्हणून निकामी मूत्रपिंडे काढून टाकली. तपासल्यावर त्यातल्या १८ जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग निघाला. हे २००० साली प्रसिद्ध झाले. ज्या डॉक्टरांनी चिठ्ठ्या लिहिल्या त्यांपैकी कोणी ते मूळ हातात घेऊन ओळखू शकला असता का? मी तरी शकलो नसतो. त्याच जातीची वेल आपल्या कोकणच्या रानातही आहे, ईश्वरी किंवा सापसण म्हणतात तिला, आणि जुनी माणसे ती सापाच्या विषावर उगाळून देत. ती कोणीही पोटात घेऊ नये, एवढे इथेच सांगून ठेवतो.

मुंबईतही असा एक वाद झाला. करोनाच्या साथीत लोकांनी गुळवेलीचे काढे प्याले. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडे असे सहा रुग्ण आले, की गुळवेल घेतल्यावर त्यांचे यकृत सुजले होते. त्यांनी ते २०२१ साली छापले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही. वनस्पती नीट ओळखलेली नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल असू शकेल, असे म्हटले. मी या वादात निवाडा देणारा कोण? पण दोन्ही बाजूंचे ऐकल्यावर माझ्या मनात एकच गोष्ट राहिली, की रुग्णाने काय घेतले ते डॉक्टरने वेळीच विचारून, ती वेल पिशवीत घालून मागवून ठेवली असती, तर वाद इतका लांबला नसता.

वजन उतरवणाऱ्या चूर्णांकडे परत येतो, कारण आमच्या किनाऱ्यावर कॅप्सूलपेक्षा चूर्णेच जास्त चालतात. त्यांतल्या पुष्कळांत सोनामुखी असते. ती घेतली की जुलाब होतात, आठवड्यात काटा दीड-दोन किलोने खाली येतो आणि बाई खूश होते. उतरलेली असते ती चरबी नव्हे, पाणी. भाताच्या लावणीत दिवसभर चिखलात वाकणाऱ्या किंवा मिठागरात उन्हात राबणाऱ्या बाईच्या अंगातून असे पाणी जाणे म्हणजे चक्कर आणि पायांत गोळे. शिवाय रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पोटॅशियम नावाचा क्षार फार खाली जातो, आणि त्याने हृदयाचे ठोके चुकतात. मेथी, कारले, जांभळाच्या बियांची पूड ही मधुमेहाच्या गोळ्यांच्या जोडीला भरपूर घेतली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. गुग्गुळामुळे रक्तदाबाच्या काही गोळ्या अंगात कमी शोषल्या जातात. इसबगोल थायरॉइडच्या गोळीबरोबरच घेतला तर त्या गोळीला तो अडवतो. दोहोंत काही तासांचे अंतर हवे. ही यादी मला पाठ होती असे समजू नका. गेल्या वर्षभरात शोधून शोधून केली आहे आणि ती टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे.

आणखी एक लबाडी आहे. बाटलीवर झाडाचे चित्र आणि आत दडवलेले रासायनिक औषध. सिब्युट्रामिन नावाची भूक मारणारी गोळी पूर्वी डॉक्टर देत. हृदयाला धोका दिसल्याने अमेरिकेत ती २०१० साली बाजारातून गेली आणि आपल्या देशात २०११ साली तिच्यावर बंदी आली. पण 'शुद्ध वनस्पतीजन्य' म्हणून विकलेल्या पुष्कळ उत्पादनांत तीच मिसळलेली सापडली आहे, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची त्याबद्दलची सूचनांची यादी भली लांब आहे. म्हणून एखाद्या झाडपाल्याच्या पुडीने चार दिवसांत भूक पार मेली, तोंड कोरडे पडले, छाती धडधडू लागली, रात्री झोप उडाली, तर गुण आला म्हणू नका. ती पुडी घेऊन या.

कायदा काय म्हणतो, असे कोणी विचारील. औषधे व जादूचे उपाय यांच्या जाहिरातींवरचा कायदा १९५४ सालचा आहे. ज्या आजारांवर उपाय असल्याची जाहिरात करायला त्यात मनाई आहे त्या यादीत लठ्ठपणा आहे. तरी भिंतीवर, एस. टी. स्टँडवर आणि आता हातातल्या फोनवर 'महिन्यात दहा किलो' झळकतेच. अन्न म्हणून विकलेल्या डब्यावर चौदा आकडी परवाना क्रमांक असावा लागतो आणि आयुर्वेदिक औषधावर घटकांची यादी व परवाना. यांतले काहीच नसेल तर ती वस्तू घरात घेऊ नये. पण क्रमांक आहे म्हणजे ती तुम्हाला मानवेल असेही नाही. तो क्रमांक दुकानाच्या पाटीसारखा आहे, मालक कोण ते कळते, माल कसा ते नाही.

वाचक भगिनी विचारतील, की मग वजन वाढले तर करायचे काय? त्यावर स्वतंत्र लिहीन. पण एक सांगितल्यावाचून राहवत नाही. "ऑपरेशन झाल्यापासून अंग सुटलं," असे आमच्याकडे दर दुसरी बाई म्हणते. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत नळ्या बंद करतात, चरबीशी तिचा संबंध नाही. साधारण त्याच वयात थायरॉइड मंद होणे, रक्त कमी असणे, मुलांच्या ताटातले उरलेले खाणे आणि विहिरीऐवजी दारात नळ येणे, हे सगळे एकदम घडते. त्या बाईचेही तसेच निघाले. मुंबईला थायरॉइड तपासला तेव्हा तो मंद होता. वजनाचे एक खरे कारण तिच्या मानेत होते आणि त्याची गोळी सरकारी दवाखान्यात मिळते. दोन वर्षे ती माझ्याकडे "अंग जड वाटतं" म्हणून येत होती आणि मी तिला "जरा चालत जा" म्हणून सांगत होतो. तिने बाटलीकडे वळू नये असे मला वाटत होते, तर मी ती तपासणी आधी करायला हवी होती.

आता मी दवाखान्यात प्रश्न बदलला आहे. "औषध घेता का" असे विचारत नाही. विचारतो : "सकाळी चहाआधी काय घेता? झोपताना काय? कोणी मुंबईहून काही पाठवलंय का? बाजारातून काही आणलंय का?" आधी लोक बिचकत. डॉक्टर रागावेल, झाडपाल्याला नावे ठेवील, ही भीती. ती भीती आम्हीच घातली आहे. कोणी काढा प्याला म्हटले की आम्ही डोळे वटारायचो. मग पुढच्या वेळी तो सांगेल कशाला? त्या काविळीच्या पाल्यावर मी ओरडलो, तेव्हा कॅप्सूलची बाटली पिशवीत आणखी खोल गेली असेल.

दुसरे काम नोंदीचे. औषधाने अपाय झाल्याची नोंद घेण्याची यंत्रणा आपल्या देशात २०१० सालापासून आहे, तिचे मुख्य केंद्र गाझियाबादला आहे. नोंद डॉक्टरच करू शकतो असे नाही. रुग्ण किंवा घरचे माणूसही करू शकते. १८००-१८०-३०२४ हा तिचा बिनपैशाचा फोन. आयुर्वेद, युनानी वगैरे औषधांसाठी २०१८ पासून वेगळी व्यवस्था आहे आणि ती दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडून चालते. मी तीस वर्षांत या नोंदीचा एकही कागद भरला नव्हता. पहिला भरला तो या बाईचा.

एका गावच्या डॉक्टरच्या कागदाने काय होते, असे म्हणू नका. आपल्याच रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णाच्या उशाशी बसून घाम, नाडी, रक्तदाब लिहून काढीत होते. लाल विंचवाने माणूस कसा दगावतो ते मोठ्या शहरातल्या पुस्तकांत नव्हते. त्यांच्या नोंदी १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापल्या गेल्या आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने विंचूदंशाचे किती रुग्ण वाचले हे कोकणाला सांगायला नको. पुस्तकात नव्हते ते त्यांनी खाटेशेजारी बसून गोळा केले. चूर्णांच्या बाबतीत आम्ही ते केलेले नाही. अलिबागला २०२१ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथली शिकणारी मुले एखाद्या आठवडेबाजारात फिरून, चटईवर काय काय विकले जाते, त्यात कोणते मूळ, कोणते पान आहे, याची नुसती यादी करतील तरी आम्हा म्हाताऱ्या डॉक्टरांना ती हवी आहे.

तुमच्याकडून मला हवे आहे ते थोडके. दवाखान्यात येताना, मग तो माझा असो, वैद्यांचा असो की सरकारी असो, घरात जे जे तोंडात जाते ते एका पिशवीत घालून आणा : गोळ्या, पुड्या, चूर्णाचा डबा, काढ्याची बाटली, चहाची पाकिटे. पुडीवर नाव नसेल तर पुडीच आणा. वेल किंवा मुळी असेल तर पानासकट आणा. लेबल फाडून बरणीत ओतू नका. कोणतीही पूड घेऊ लागल्यावर भूक गेली, मळमळले, लघवी गडद झाली, खाज सुटली किंवा डोळे पिवळे दिसले तर ती त्याच दिवशी बंद करा, आणि मग दवाखान्यात या. डॉक्टरने बाटली पाहून "हे काय आहे मला माहीत नाही" असे म्हटले तर त्याला कमी समजू नका. तो शोधून सांगतो म्हणाला, तर चार दिवसांनी परत जाऊन विचारा.

ती बाई गेल्या आठवड्यात थायरॉइडची गोळी न्यायला आली होती. काळ्या रेक्झिनच्या पिशवीतून तिने टेबलावर एक एक वस्तू मांडली : तिची गोळी, नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सासूबाईंचा इसबगोल आणि एक नवी, कसल्याशा पानांची हिरवी पूड. "ही धाकट्या जावेची हाय," म्हणाली. "तिला येवढ्यात सांगू नका, पण तपासून ठेवा." पूड माझ्या कपाटात आहे. वैद्य मित्र रविवारी यायचे आहेत. पान कोणते ते दोघे मिळून पाहू.